संकट सांगून येत नाहीं

ठाणें, कल्याण व डोंबिवली येथें राहणाऱ्या ज्या पालकांस २००५ सालचा जुलै महिना आठवत असेल, त्यांस आम्ही काय म्हणणार आहोंत याची कल्पना मथळा वाचतांच आली असेल. त्या महिन्याच्या २६ तारखेस सकाळीं माणसें नेहमींप्रमाणें डबे घेऊन आगगाडीनें मुंबईस गेलीं. दुपारनंतर पाऊस लागला तो थांबेना. सांताक्रूझच्या वेधशाळेंत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. आणि त्याच शहराच्या दक्षिण टोंकास कुलाब्याच्या वेधशाळेंत त्याच चोवीस तासांत सुमारें ७४ मिलिमीटर! एका शहराच्या दोन टोंकांत एवढें अंतर पडेल हें कोणत्या पंचांगांत लिहिलें होतें? आगगाड्या जागच्या जागीं उभ्या राहिल्या, दूरध्वनी मुके झाले, उल्हास नदीचें पाणी बदलापूर व कल्याण या भागांतील वस्त्यांत शिरलें, आणि हजारों माणसें पाण्यांतून व रुळांवरून वाट तुडवीत दुसऱ्या दिवशीं घरीं पोहोंचलीं. कांहीं पोहोंचलींच नाहींत. सबंध महाराष्ट्रांत त्या पावसानें हजाराहून अधिक माणसें दगावलीं.

त्या दिवसापासून आजपर्यंत ‘असें कांहीं घडेल असें कोणास वाटलें होतें?’ हें वाक्य आम्हीं पुष्कळांच्या तोंडून ऐकिलें आहे. सामान्य माणसानें तें म्हटलें तर त्यास दोष देतां येणार नाहीं. परंतु अग्निशामक दल, पोलीस, रुग्णालयें, नगरपालिका, रेल्वे, जिल्हाधिकाऱ्यांची कचेरी या ज्या संस्था संकटसमयीं धांवून येण्यासाठीं समाजानें पोसलेल्या आहेत, त्यांनीं तेंच वाक्य उच्चारावें हें कितपत शोभेल? उलट पक्षीं, जी गोष्ट कोणासच ठाऊक नाहीं तिची तयारी त्या संस्थांनीं करावी तरी कशी? या दोन प्रश्नांचा विचार आमच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं करावा, या हेतूनें प्रस्तुत लेख लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम ‘अनपेक्षित’ या शब्दाचा अर्थ नीट पाहूं. आमच्या मतें या एकाच शब्दाखालीं दोन निरनिराळ्या गोष्टी दडून बसतात. कांहीं संकटें अशीं असतात कीं तीं येणार हें ठाऊक असतें, फक्त दिवस व घटका ठाऊक नसते. कांहीं संकटांचें मात्र रूपच आगाऊ कळत नाहीं. पहिल्या प्रकारास अनपेक्षित म्हणणें म्हणजे परीक्षा होणार हें जून महिन्यापासून ठाऊक असूनहि, ‘प्रश्न कोणते येणार हें मला कोठें ठाऊक होतें?’ असें नापास झालेल्या मुलानें म्हणण्यासारखें आहे.

डोंबिवलीचेंच उदाहरण घ्या. २६ मे २०१६ रोजीं तेथील औद्योगिक वसाहतींत प्रोबेस एंटरप्रायझेस या रासायनिक कारखान्यांत प्रचंड स्फोट झाला. बारा माणसें प्राणांस मुकलीं, दीडशेंहून अधिक जखमी झालीं, आणि दोन-तीन किलोमीटरपर्यंतच्या घरांच्या कांचा फुटल्या. चौकशीसाठीं समिती नेमली गेली. धोक्याचे कारखाने लोकवस्तीपासून दूर न्यावे अशी चर्चा झाली. पुढें २३ मे २०२४ रोजीं, म्हणजे त्या गोष्टीस आठ वर्षें पुरीं होण्यास अवघे तीन दिवस उरले असतां, त्याच औद्योगिक वसाहतींत अमुदान केमिकल्स या कारखान्यांत पुन्हा स्फोट झाला व दहाहून अधिक माणसांचा बळी गेला. पहिल्या स्फोटास आपण एक वेळ अनपेक्षित म्हणूं. दुसऱ्यास तें नांव देण्याचा अधिकार कोणासच उरत नाहीं. ‘पुढच्यास ठेंच, मागचा शहाणा’ ही म्हण आपण मुलांस पाठ करावयास लावितों. परंतु येथें पुढच्यास ठेंच लागली आणि मागचा त्याच दगडावर जाऊन आपटला.

पडणाऱ्या इमारतींविषयींहि हेंच म्हणावें लागेल. ४ एप्रिल २०१३ रोजीं मुंब्र्याजवळ शिळ येथें अनधिकृतपणें बांधलेली इमारत कोसळून ७४ माणसें मेलीं. ४ ऑगस्ट २०१५ रोजीं ठाण्याच्या नौपाड्यांत एक जुनी इमारत पहांटेपूर्वीं झोंपलेल्या माणसांसह खालीं आली व १२ जण दगावले. अनधिकृत इमारत केव्हां पडेल हें सांगतां येत नाहीं हें खरें; पण ती पडूं शकेल हें सांगावयास ज्योतिषी लागत नाहीं. अशा संकटांची पहिली तयारी म्हणजे तीं होऊं न देणें. दुसरी तयारी म्हणजे माहितीचा संग्रह. कोणत्या कारखान्यांत कोणतें रसायन किती साठविलें आहे, कोणत्या चाळींत किती कुटुंबें राहतात, कोणत्या गल्लींत बंब शिरूं शकत नाहीं, हें आग लागण्यापूर्वीं बंबवाल्यांच्या हातीं असलें पाहिजे. कांहीं रसायनें अशीं आहेत कीं त्यांवर पाणी मारिलें असतां आग विझण्याऐवजीं भडकते. त्यांस कोरडी पूड किंवा फेंसच लागतो. दाराशीं पोहोंचल्यावर पहारेकऱ्यास विचारून ही माहिती मिळविणें म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखें आहे.

आतां दुसऱ्या प्रकाराकडे वळूं. शेजारच्या रायगड जिल्ह्यांत खालापूर तालुक्यांतील इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्रीं डोंगराचा कडा कोसळला. दरडी पडण्याचा धोका असलेल्या गांवांची यादी सरकारनें केलेली होती. त्या यादींत या वाडीचें नांवच नव्हतें. वाडी डोंगरावर, वाट केवळ पायवाट, अंधार आणि मुसळधार पाऊस. माती उपसण्याचीं यंत्रें वर चढूं शकेनात. खराब हवेमुळें विमानें उडूं शकेनात. तेव्हां राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान, ठाणे महानगरपालिकेच्या दलाचे लोक व स्थानिक गिर्यारोहक हे कुदळी-फावडीं घेऊन पायीं चढले व हातांनीं माती उकरूं लागले. चढ चढतांना नवी मुंबईच्या अग्निशामक दलांतील एक अधिकारी हृदयविकारानें कोसळून मरण पावले. सत्तावीस प्रेतें हातीं लागलीं, व सत्तावन्न माणसें मातीखालींच राहिलीं असें मानावें लागलें. यादी उपयोगी असते, परंतु यादींत नसलेलें संकटहि येतें, आणि तेव्हां उपयोगी पडतात तीं चढणारीं माणसें व हातांतील साधीं हत्यारें, हा धडा इर्शाळवाडीनें आपणांस दिला आहे.

मग ज्याचें रूप ठाऊक नाहीं त्याची तयारी कशी करावी? आमचें उत्तर असें आहे कीं संकटें अगणित असलीं तरी संकटांत सांपडलेल्या माणसाच्या गरजा मोजक्या आहेत. पूर असो, आग असो, भूकंप असो वा आजवर कोणी न ऐकलेलें कांहीं असो, माणसास सूचना वेळेवर मिळावी लागते. त्यास सुरक्षित जागीं न्यावें लागतें. जखमेवर औषध लावावें लागतें. अन्न, पाणी व कोरडी जागा द्यावी लागते. हरवलेल्यांचा पत्ता लावावा लागतो. आणि घरच्यांस खरी बातमी कळवावी लागते. या सहा गोष्टी करण्याची ज्या संस्थेस संवय आहे, तिला संकटाचें नांव काय आहे यानें फारसा फरक पडत नाहीं. चांगली सुगरण घरांत जें असेल त्यावर पाहुण्यांचें पान वाढते. तिला आजच्या पाहुण्याचें नांव आगाऊ कळावें लागत नाहीं.

याचें एक समाधानकारक उदाहरण आपल्याच भागांत घडलें आहे. २६ जुलै २०१९ च्या रात्रीं मुंबईहून निघालेली कोल्हापूरची महालक्ष्मी एक्सप्रेस २७ तारखेच्या पहांटें बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान पुराच्या पाण्यांत अडकली. उल्हास नदी चहूंकडे पसरलेली, रूळ पाण्याखालीं, आणि गाडींत सुमारें १०५० उतारू. त्यांत गरोदर स्त्रिया व लहान मुलें. आगगाडीचें बेट होईल व तिच्यांतून माणसें होड्यांनीं काढावीं लागतील, असा प्रसंग कोणत्याहि पुस्तकांत लिहिलेला असेल असें आम्हांस वाटत नाहीं. तथापि राष्ट्रीय दलाचे जवान रबरी होड्या घेऊन आले, आरमार व वायुदल धांवले, आसपासच्या गांवकऱ्यांनीं मदतीचा हात दिला, डॉक्टर व रुग्णवाहिका तयार राहिल्या, उतारूंस निवारा व अन्न मिळालें, आणि पुढें त्यांस कल्याणहून खास गाडीनें कोल्हापुराकडे रवाना करण्यांत आलें. सर्व उतारू सुखरूप सुटले. त्या दिवशीं नवें असें फारसें कांहीं कोणी केलें नाहीं. जुन्याच सहा गोष्टी नव्या ठिकाणीं केल्या. आमच्या मतें तयारी या शब्दाचा हाच अर्थ आहे.

परंतु याच कल्याणनें एक दुःखद धडाहि दिला आहे, आणि तो आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस विशेष लक्षपूर्वक वाचावयास सांगतों. १ नोव्हेंबर २०१८ रोजीं कल्याण पूर्वेस नेतिवली भागांत एक मनुष्य विहीर साफ करण्यासाठीं आंत उतरला व बेशुद्ध झाला. त्यास काढण्यासाठीं दुसरे उतरले. तेहि वर आले नाहींत. शेवटीं अग्निशामक दलाचे दोन जवान उतरले; तेहि वर आले नाहींत. एकामागून एक पांच माणसें त्या एका विहिरींत गेलीं. जुन्या व झांकलेल्या विहिरींत, गटारांत किंवा टांक्यांत कुजणाऱ्या घाणीपासून विषारी वायु उत्पन्न होतात. त्यांपैकीं कांहीं हवेहून जड असल्यामुळें तळाशीं सांचून राहतात आणि श्वासास लागणारी हवा तेथें उरत नाहीं. कित्येकदां अशा वायूस रंग नसतो. कांहींस वास असतो, पण तो मात्रा वाढली कीं नाकास कळेनासा होतो. माणूस ओरडूंहि शकत नाहीं. तो फक्त खालीं बसतो.

या पांच माणसांपैकीं कोणाच्याहि धैर्याविषयीं शंका घेणें पाप होईल. दुसऱ्यासाठीं उतरणारा मनुष्य थोरच. परंतु ज्ञानाविना धैर्य हें दोर नसलेल्या बादलीसारखें आहे. तें खालीं जातें, वर येत नाहीं. अशा प्रसंगीं वायूची परीक्षा करणारें यंत्र, श्वासासाठीं पाठीवर हवेची नळकांडी, कंबरेस बांधलेला व वरच्या माणसांनीं धरलेला दोर, आणि आंत ताजी हवा सोडणारा पंखा या चार गोष्टी हातीं आल्याखेरीज कोणींहि उतरूं नये, मग तो अधिकारी असो वा शेजारी. बचाव करणाऱ्या संस्थांनीं आपल्या माणसांस सर्वांत कठीण अशी एक गोष्ट शिकविली पाहिजे. ती म्हणजे एक मिनिट थांबणें. भोंवतीं लोक आरडाओरडा करीत असतात, ‘अहो, उभे काय राहिलांत?’ म्हणून हिणवीत असतात. त्या वेळीं थांबून पाहणें हें भ्याडपणाचें लक्षण नव्हे. अनोळखी संकटापुढें पहिला नियम हाच कीं, प्रथम तें काय आहे हें ओळखावें व मग त्यांत पाऊल टाकावें. आणि आपण जे बघे असतों, त्यांनीं जवानांस हिणवूं नये, इतकें तरी पथ्य पाळावें.

दुसरी अत्यावश्यक गोष्ट म्हणजे एक हुकूम. मोठ्या अपघाताच्या जागीं पोलीस येतात, बंब येतात, रुग्णवाहिका येतात, लष्कर येतें, पुढारी येतात आणि बघे तर सर्वांच्या आधीं येतात. प्रत्येकजण मदत करूं पाहतो, आणि पुष्कळदां प्रत्येकजण दुसऱ्याची वाट अडवितो. कोसळलेल्या इमारतीच्या ढिगाऱ्यावर तर मधूनमधून सर्व यंत्रें बंद करून पूर्ण शांतता पाळावी लागते. कारण खालीं अडकलेल्या माणसाचें कण्हणें त्या शांततेंतच ऐकूं येतें. ‘आतां सर्वांनीं गप्प राहावें’ असा हुकूम देणारा एक मनुष्य असला व तो सर्वांनीं मानला तरच हें साधतें. आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा आपल्या देशांत २००५ सालीं झाला. त्यान्वयें जिल्हाधिकारी हे जिल्ह्याच्या आपत्ती प्राधिकरणाचे प्रमुख असतात. २०१० सालीं राष्ट्रीय प्राधिकरणानें, घटनास्थळीं कोणी कोणाचें ऐकावें याची रीत घालून दिली आहे. रीत कागदावर उत्तम आहे. परंतु जे लोक एकमेकांस प्रथमच ढिगाऱ्यावर भेटतात त्यांस ती पाळतां येत नाहीं. ठाण्याच्या बंबाचा अधिकारी, कल्याणच्या रेल्वेचा अधिकारी, पोलीस ठाण्याचा प्रमुख व रुग्णालयाचा मुख्य डॉक्टर यांनीं शांततेच्या दिवसांत वर्षांतून दोन-चार वेळां एका टेबलाभोंवतीं बसावें, एकमेकांचे चेहरे ओळखावे आणि ‘उद्यां असें झालें तर तुम्ही काय कराल, आम्ही काय करूं’ हा प्रश्न एकमेकांस घालावा. या बैठकीस चहापलीकडे खर्च नाहीं.

तिसरी गोष्ट अशी कीं कोणत्याहि कामाचा भार एकाच तारेवर टांगूं नये. २००५ च्या पुरांत दूरध्वनी बंद पडतांच किती कचेऱ्या बहिऱ्या झाल्या! वीज गेली तर रुग्णालयांतील यंत्र कशावर चालेल, दूरध्वनी गेला तर बिनतारी संदेश कोण पाठवील, मुख्य अधिकारी स्वतःच पुरांत अडकला तर त्याच्या जागीं कोण बसेल, याचीं उत्तरें आधीं लिहिलेलीं असावीं. रस्त्यांचेंहि तसेंच. आमच्या गांवांची रचनाच अशी आहे कीं रेल्वेच्या रुळांनीं कल्याण व डोंबिवली यांचे पूर्व व पश्चिम असे दोन तुकडे केले आहेत, आणि खाडीनें ठाणें व कळवा वेगळे केले आहेत. शंभरी ओलांडलेला कल्याणचा पत्रीपूल धोक्याचा ठरून २०१८ सालीं पाडण्यांत आला व नवा पूल २०२१ च्या जानेवारींत सुरू झाला. मधल्या काळांत त्या वाटेनें जाणाऱ्यांचे किती हाल झाले हें त्यांनाच विचारावें. ‘आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं’ असें आपण थट्टेनें म्हणतों. आमच्याकडे आग पूर्वेस आणि बंब पश्चिमेस हें थट्टेचें नाहीं. म्हणून मोठीं साधनें एका ठिकाणीं मांडून ठेवण्यापेक्षां, लहान साधनें रुळांच्या दोन्ही अंगांस व खाडीच्या दोन्ही तीरांस वांटून ठेवणें आम्हांस अधिक शहाणपणाचें वाटतें.

चौथी गोष्ट तालमीची. या बाबतींत आमच्याच शाळेचा एक अनुभव सांगतों. आगीची तालीम होणार हें मुलांस आधीं सांगितलें होतें, तेव्हां सर्व वर्ग रांगेनें, हंसतखेळत मैदानावर आले व आम्हीं मोठ्या समाधानानें घड्याळ पाहिलें. कांहीं दिवसांनीं तीच तालीम न सांगतां घेतली, आणि जिन्याच्या तोंडाशीं एका शिक्षकांस ‘हा जिना बंद आहे’ अशी पाटी देऊन उभें केलें. मग काय विचारतां! एक वर्ग तेथेंच खोळंबून राहिला, दुसरा मागें फिरतांना तिसऱ्यावर आदळला, आणि मोठ्या दाराची किल्ली कोणाकडे असते हें आम्हां शिक्षकांपैकीं दोघांसच ठाऊक असल्याचें उघडकीस आलें. पहिल्या तालमीनें आम्हांस अभिमान दिला, दुसरीनें ज्ञान. ज्या तालमींत कांहींच चुकत नाहीं ती तालीम नव्हे, तें स्नेहसंमेलन होय. मोठ्या संस्थांसहि हेंच लागू आहे. पाहुणे बोलावून, छायाचित्रें काढून केलेल्या तालमींपेक्षां, मध्यरात्रीं न सांगतां वाजविलेली एक घंटा अधिक शिकवील.

जपानांतील कामाइशी या समुद्रकांठच्या गांवची गोष्ट येथें सांगण्यासारखी आहे. प्राध्यापक तोशिताका कातादा यांनीं तेथील शाळांतून कित्येक वर्षें मुलांस शिक्षण दिलें होतें. त्यांची शिकवण थोडक्यांत अशी, कीं आधींच्या अंदाजावर विसंबूं नका. त्या घटकेस जें उत्तम करतां येईल तें करा. आणि इतरांची वाट न पाहतां स्वतः प्रथम निघा, म्हणजे तुम्हांस पाहून इतर निघतील. ११ मार्च २०११ रोजीं भूकंप झाला. सरकारी नकाशाप्रमाणें तेथील एका माध्यमिक शाळेपर्यंत समुद्राची लाट पोहोंचणार नव्हती. तरीहि मुलें धांवत सुटलीं. त्यांस पाहून शेजारच्या प्राथमिक शाळेंतील मुलेंहि निघालीं, व मोठ्यांनीं लहानांचे हात धरले. ठरलेल्या जागीं पोहोंचल्यावर ती जागाहि धोक्याची दिसतांच तीं आणखी वर गेलीं, आणि तेथूनहि वर गेलीं. मागें त्यांच्या शाळा पाण्याखालीं बुडाल्या. त्या गांवच्या सुमारें तीन हजार शाळकरी मुलांपैकीं बहुतेक सर्व वांचलीं. नकाशा चुकला, पण शिकवण चुकली नाहीं. कारण ‘नकाशा चुकूं शकतो’ हेंच त्या शिकवणींत पहिलें वाक्य होतें.

पांचवी गोष्ट म्हणजे संकट सरल्यानंतरचा प्रामाणिक हिशेब. आपल्याकडे संकटानंतर दोन गोष्टी तत्परतेनें होतात. एक म्हणजे मदतीची घोषणा आणि दुसरी म्हणजे कोणास तरी दोषी ठरविणें. दोन्ही अवश्य व्हाव्या. परंतु तिसरी गोष्ट राहून जाते. काय झालें, कोठें उशीर झाला, कोणतें साधन नादुरुस्त निघालें, कोणाच्या प्रसंगावधानानें प्राण वांचले, हें साध्या भाषेंत लिहून सर्वांपुढें ठेवण्याची रीत आपण पाडली नाहीं. असें लिहिलेलें असेल तर पुढील जवान त्यावर शिकेल, आणि वर्ष-दोन वर्षांनीं ‘त्यांपैकीं किती केलें?’ असें नागरिकांस विचारतां येईल. चौकशीचा अहवाल कपाटांत कुलूप लावून ठेविला तर मेलेल्यांनीं आपल्या प्राणांनीं विकत घेतलेला धडा आपण फुकट घालविला असें होईल.

यावर कोणी म्हणेल, ‘हें सर्व ठीक; पण पैसा कोठून आणावयाचा? कधीं तरी येणाऱ्या संकटासाठीं माणसें व यंत्रें वर्षानुवर्षें रिकामीं बसवून ठेवणें आपल्यास परवडेल काय? ज्या गांवांत रोजचें पाणी व रोजचा रस्ता धड नाहीं, तेथें होड्या व दोर विकत घेणें ही चैन आहे.’ हा आक्षेप खोटा नाहीं. पैसा मर्यादित आहे, व रोजच्या गरजा खऱ्या आहेत. परंतु वर सांगितलेल्या पांच गोष्टींपैकीं महाग किती आहेत? ओळख, हुकूम, तालीम व हिशेब यांस पैशापेक्षां शिस्त अधिक लागते. राहतां राहिलीं साधनें. तीं रिकामीं बसत नाहींत. जें दल दरडीसाठीं तयार आहे तेंच एरवीं रस्त्यावर पडलेलें झाड उचलतें, अडकलेलें मूल सोडवितें, लहान आग मोठी होऊं देत नाहीं. ठाणे महानगरपालिकेनें राष्ट्रीय दलाच्या धर्तीवर स्वतःचें आपत्ती प्रतिसाद दल उभारलें, तें याच विचारानें. आणि तें आपल्या शहराबाहेरहि कामास आलें हें आपण इर्शाळवाडींत पाहिलें. दूरचें दल कितीहि चांगलें असलें तरी तें येईपर्यंतचा पहिला तास स्थानिक माणसांचाच असतो.

तयारीच्या अभावाची किंमत काय असते हें मुंबईनें १४ एप्रिल १९४४ रोजीं पाहिलें आहे. व्हिक्टोरिया गोदींत उभ्या असलेल्या फोर्ट स्टिकीन नांवाच्या बोटींत कापसाच्या गांठी व दारूगोळा एकत्र भरलेला होता. आग लागली, बंब आले, आणि बोट फुटली. शेंकडों माणसें मेलीं. त्यांत आग विझविणारे ६६ जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस आजहि देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. वर्षांतून एक दिवस त्यांस मानवंदना द्यावी हें योग्यच. परंतु उरलेल्या दिवसांत त्यांच्या आजच्या बंधूंस चांगला पोशाख, श्वासाचें यंत्र व पुरेशी झोंप मिळते कीं नाहीं हें विचारणें, ही खरी मानवंदना होय.

शेवटीं आमच्या विद्यार्थ्यांस व पालकांस दोन शब्द. संस्थांस दोष देणें सोंपें आहे, व कांहीं वेळां तें आवश्यकहि आहे. परंतु संस्था तरी कोणाच्या? संकटाच्या जागीं पहिला पोहोंचणारा मनुष्य बहुधा शेजारी असतो, आणि शेजारी म्हणजे आपणच. म्हणून घरोघरीं आजच कांहीं गोष्टी ठरवाव्या. विजेचा मुख्य खटका कोठें आहे व स्वयंपाकाचा गॅस कसा बंद करावा हें घरांतील प्रत्येक जाणत्या मुलास ठाऊक असावें. दूरध्वनी चालत नसतां सर्वांनीं कोठें भेटावयाचें तें ठरलेलें असावें. आजी-आजोबांचीं रोजचीं औषधें, महत्त्वाचे कागद, एक विजेरी व पिण्याचें पाणी एका पिशवींत भरून ठेवावें. सर्व संकटांसाठीं ११२, रुग्णवाहिकेसाठीं १०८ व आगीसाठीं १०१ हे आंकडे पाढ्यांप्रमाणें पाठ असावे. आणि थट्टेखातर ते फिरविणारा मुलगा कोणा तरी मरणाऱ्या माणसाची वाट अडवितो हें त्यास समजावून सांगावें. भ्रमणध्वनीवर आलेली भयंकर बातमी खात्री केल्यावांचून पुढें धाडूं नये. पोहणें व प्रथमोपचार हे विषय वक्तृत्वाइतकेच मोलाचे मानावे. मोठ्या मुलांनीं बालवीर पथकांत किंवा छात्रसेनेंत नांव घालावें. आणि पालकांपैकीं ज्यांस सवड असेल त्यांनीं सरकारच्या ‘आपदा मित्र’ योजनेंत शिक्षण घेण्याचा विचार करावा. आणि अपघाताच्या जागीं आपणांस कांहीं करतां येत नसेल, तर वाट मोकळी करून दूर उभें राहणें हीहि सेवाच आहे.

उल्हास नदीस पुन्हा पूर येईल. कोणत्या वर्षीं, कोणत्या रात्रीं, व तिच्या कांठावर त्या रात्रीं कोणतें नवें विघ्न उभें असेल, हें आम्हांस सांगतां येत नाहीं, आणि कोणासच सांगतां येणार नाहीं. परंतु त्या रात्रीं कोणाच्या घरीं दोर असेल, कोणास पोहतां येत असेल, कोणता अधिकारी कोणास नांवानें हांक मारूं शकेल, आणि विहिरीच्या कांठावर उभा राहून ‘थांबा, आधीं हवा पाहूं’ असें म्हणणारा एक तरी मनुष्य असेल कीं नाहीं, हें मात्र आज ठरतें. आज ज्या मुलांच्या हातीं हा अंक आहे त्यांपैकींच कोणी उद्यां बंबावर असेल, कोणी रुग्णालयांत, कोणी जिल्ह्याच्या कचेरींत. त्यांनीं त्या दिवशीं ‘असें होईल असें कोणास वाटलें होतें?’ असें न म्हणतां ‘चला, कामास लागूं’ असें म्हणावें, एवढीच आमची इच्छा आहे.